कट कुठे राहतो

माझ्या डाव्या हाताला एक सवय जडली आहे. थोड्या थोड्या वेळाने अंगठा आणि एक बोट कीबोर्डच्या कोपऱ्यात जाऊन ‘सेव्ह’ दाबून येतात. मी ते ठरवत नाही, हात आपसूक जातो. शॉट लावला, की सेव्ह. आवाज जरासा खाली आणला, की सेव्ह. दारावरची बेल वाजली, की उठण्याआधी सेव्ह. बँकेचा अर्ज भरताना, बहिणीला मेल लिहितानाही बोटं तेच करतात. एडिटिंगच्या कामातली माणसं हे वाचतील तेव्हा मान डोलावतील, कारण आमच्यातल्या जवळपास प्रत्येकाच्या हाताला हे लागलेलं आहे.

ही गोष्ट कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. ती भीती शिकवते. काम ऐन रंगात आलेलं असताना पडदा थिजतो. बाणाच्या जागी रंगीत चक्र फिरायला लागतं. मशीनच्या पंख्याचा आवाज चढत जातो आणि एका क्षणी सॉफ्टवेअर बंद होऊन मागचा स्वच्छ, निळा डेस्कटॉप समोर येतो. सॉफ्टवेअर स्वतःही अधूनमधून एक प्रत राखून ठेवतं, त्यामुळे सगळं जात नाही. जातं ते शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांतलं. शेजारी बसलेले निर्माते म्हणतात, ‘‘एवढंच ना? परत करून टाका.’’

त्या ‘एवढंच’मध्ये काय असतं, ते सांगते. पानशेतच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावावरचा माहितीपट माझ्याकडे होता. वेल्ह्याकडच्या एक आजी कॅमेऱ्यासमोर बसून एकेक आठवत होत्या : वडाचा पार कुठे होता, कोणाचं घर कोणाच्या घराला लागून होतं, विहिरीचं पाणी किती गोड होतं. मग देवळाबद्दल बोलायला लागल्या आणि थांबल्या. ओठ मिटले, नजर स्वतःच्या तळव्याकडे गेली. तिथून धरणाच्या पाण्यावर जायचं होतं. कधी जायचं, एवढाच प्रश्न. ओठ मिटता मिटता गेलं तर आपण आजींना मध्येच तोडलं असं वाटायचं. नजर पूर्ण खाली जाईपर्यंत थांबलं तर आपण त्यांच्या दुःखाकडे टक लावून बसलो आहोत असं वाटायचं. या दोन टोकांमध्ये जेमतेम पाऊण सेकंद. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम चालतात, म्हणजे पाऊण सेकंदात अठरा-एकोणीस जागा. मागेपुढे करत ओठ मिटल्यानंतरच्या नवव्या फ्रेमवर तो कट बसला. कट बसला हे डोक्याच्या आधी शरीराला कळतं. खांदे सैल होतात. आणि तेवढ्यात पडदा थिजला.

पुन्हा उघडल्यावर नऊ हा आकडा लक्षात होता, तो लावला. पण कट म्हणजे एक आकडा नसतो. आजींचा श्वास मी पाण्याच्या दृश्यावर किंचित ओढून नेला होता. लांबून आलेली टिटवीची हाक जरा अलीकडे सरकवली होती. पाण्याचा आवाज कुठून वर चढवायला घेतला होता, ते आता नेमकं सांगता येत नव्हतं. ही बारीक कामं हाताने केली होती, डोक्याने त्यांची नोंद ठेवली नव्हती. दुसऱ्यांदा केलेला कट चांगला होता. लोकांनी तोच पाहिला आणि तो पाहताना सभागृह शांत झालं. पण पहिला कट होता आणि तो माझ्याशिवाय कोणी पाहिलेला नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. कट राहतो कुठे?

बाहेरच्या माणसाला वाटतं, संगणकात सिनेमा असतो आणि आम्ही तो कापतो. खरं तर आमच्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये एकही चित्र नसतं, एकही आवाज नसतो. ती पत्ते लिहिलेली वही असते. अमक्या ड्राइव्हवरच्या तमक्या फोल्डरमधली फाइल घे, या फ्रेमपासून त्या फ्रेमपर्यंत दाखव, मग पुढच्या पत्त्यावर जा. दीड तासाचा माहितीपट, त्यासाठी घेतलेले शेकडो निर्णय, रात्रीची भांडणं आणि सकाळची सहमती, सगळं त्या लहानशा फाइलीत मावतं. फुटेज दुसरीकडे, निर्णय वहीत. म्हणून ड्राइव्ह बदलला, कोणी चांगल्या हेतूने फोल्डरचं नाव सुधारलं किंवा संगणकाने ‘ई’ ड्राइव्हला ‘एफ’ म्हणायला सुरुवात केली, की पत्ते चुकतात आणि पडद्यावर लाल पाटी येते : मीडिया ऑफलाइन. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असेल तर तो चालूच राहतो. लाल पडद्यावर आजींचा आवाज वडाच्या पाराबद्दल बोलत राहतो, चेहरा नसतो. हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला होता, आणि कारण माहीत असूनही आजही येतो.

कॅमेरे फाइलींना नावं देतात, त्याचाही एक त्रास आहे. अनेक कॅमेरे प्रत्येक नव्या कार्डावर पुन्हा सी-०००१ पासून मोजायला सुरुवात करतात. पहिल्या दिवशीच्या मुलाखतीचं नाव तेच आणि चौथ्या दिवशी वाटेत घेतलेल्या चहाच्या टपरीचं नावही तेच. तुटलेली लिंक जोडायला गेलं, की सॉफ्टवेअर नावावर विश्वास ठेवतं आणि आजींच्या जागी उकळता चहा दाखवतं. म्हणून आमच्याकडे चांगला असिस्टंट हा एडिटरचा अर्धा जीव असतो. कार्ड आलं, की त्याला तारीख, कॅमेरा आणि जागेचं नाव द्यायचं, दोन ड्राइव्हवर उतरवायचं, तिसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवायची, आणि हे सगळं झाल्याशिवाय कार्ड पुसायला परत द्यायचं नाही. श्रेयनामावलीत या मुलामुलींची नावं बारीक अक्षरांत पळत जातात. सिनेमा मात्र त्यांनी दिलेल्या नावांवर उभा असतो.

मी ज्यांच्या हाताखाली शिकले, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. काकांच्या उमेदीची वर्षं स्टीनबेकवर गेली होती. स्टीनबेक म्हणजे टेबलाएवढं जर्मन मशीन. त्याच्या पाठीवर आडव्या तबकड्या, तबकड्यांवर चित्राची आणि आवाजाची रिळं, मधोमध छोटा पडदा. एका बाजूला कापडाचं अस्तर लावलेली मोठी टोपली, तिच्यावर खिळ्यांची दांडी, आणि त्या खिळ्यांना अडकवलेले फिल्मचे तुकडे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक शॉट. हातात पांढरे सुती मोजे, मेणाची पेन्सिल, स्प्लायसर आणि चिकटपट्टी. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम, सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. काका उजवा हात ताणून नाकापासून बोटांपर्यंत फिल्म मोजायचे. ते अंतर साधारण तीन फूट, म्हणजे ४८ फ्रेम, म्हणजे दोन सेकंद. ‘‘अगं, कट हाताला लागला पाहिजे,’’ ते म्हणायचे. त्यांना वेळ हातावर मोजता यायचा, हे मला फार मोठं वाटायचं.

त्या काळात सगळं सुरळीत होतं, असं मुळीच नाही. दोन फ्रेमचा तुकडा टोपलीतून निसटला, की तीन माणसं टेबलाखाली गुडघ्यांवर यायची. जोड नीट बसला नाही तर ऐन खेळात फिल्म तुटायची. एक साधा डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य विरत जाऊन त्यातून दुसरं उमटणं, हवा असेल तर खूण करून फिल्म लॅबला पाठवायची आणि तो कसा दिसतो ते पाहायला दिवस जायचे. आणि त्याच्याही मागे गेलं तर दादरच्या घरात सरस्वतीबाई फाळके दिसतात. दादासाहेबांनी आणलेल्या कच्च्या फिल्मला कडेची छिद्रंसुद्धा नसत. ती पाडायचं काम सरस्वतीबाई रात्री अंधारात करत, दिवसभर कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाक उरकून. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर चालला तो त्या छिद्रांमध्ये अडकलेल्या दातांवर. हा धंदा पहिल्या दिवसापासून यंत्राच्या कटकटीसकट आला आहे. यंत्र कुरकुरतं याची तक्रार मी करत नाही.

माझी तक्रार थांबण्याबद्दल आहे. काका रीळ मागे फिरवायचे तेव्हा त्यांनाही थांबावं लागे. पण त्या थांबण्यात सगळं फुटेज डोळ्यांसमोरून उलटं धावत जायचं. हवा असलेला शॉट शोधता शोधता नको म्हणून ठेवलेला एखादा शॉट दिसायचा आणि काका एकदम मशीन थांबवायचे, ‘‘हे काय आहे बघू.’’ किती वेळ लागणार, हे तबकडीवरच्या गुंडाळीच्या जाडीवरून दिसायचं. आता मशीन रेंडर करत असतं, म्हणजे आमच्या निर्णयांवरून चित्र तयार करत असतं, आणि आम्ही एका पट्टीकडे बघत थांबतो. पट्टी म्हणते दोन मिनिटं राहिली, आणि ती दोन मिनिटं अर्धा तास चालतात. त्या अर्ध्या तासात पडद्यावर आपलं काहीच नसतं. चहा पिऊन होतो, फोनवरचे निरोप वाचून होतात आणि परत येऊन बसतो तेव्हा मघाशी मनात धरलेली लय सुटलेली असते. थांबण्यातही चिंतन असतं, असं मला पुष्कळांनी समजावलं आहे. मला ते पटत नाही. सामग्री समोरून जात असेल तर थांबणं कामाचा भाग असतं. ती झाकून टाकली तर ते नुसतं थांबणं उरतं.

मी या कामात शिरले तेव्हा टेपचा जमाना होता. दोन प्लेअर, एक रेकॉर्डर, मध्ये कंट्रोलर. बीटाकॅमची कॅसेट आत सरकली, की यंत्राच्या पोटात ती नीट बसल्याचा भरदार आवाज यायचा. कट करायचा तर दोन्ही यंत्रं काही सेकंद मागे जायची, एकत्र धाव घ्यायची आणि ठरलेल्या फ्रेमवर रेकॉर्डिंग सुरू व्हायचं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत ओळीने बांधत जायचं. बाविसाव्या मिनिटाला एक शॉट वाढवायचा झाला, तर पुढचं सगळं पुन्हा बांधायचं, नाहीतर टेपवरून टेपवर उतरवायचं. आणि असं दर वेळी उतरवताना चित्र थोडं मळत जायचं. त्यामुळे निर्णय घेण्याआधी माणसं बोलायची. निर्माते, दिग्दर्शक, एडिटर वहीत टाइमकोड लिहून, हातवारे करून भांडायचे. आणि मुंबईचा पावसाळा आला, की टेपला बुरशी धरायची. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी पूड दिसली, की पोटात धस्स व्हायचं. ती टेप तशीच लावली तर यंत्राची हेड खराब होणार, आणि लावली नाही तर चित्र कायमचं आतच राहणार.

मग संगणक आला. अ‍ॅव्हिडचं मीडिया कंपोझर १९८९ मध्ये आलं, अ‍ॅपलचं फायनल कट प्रो १९९९ मध्ये. १९९६ च्या ‘द इंग्लिश पेशंट’च्या एडिटिंगसाठी वॉल्टर मर्च यांना ऑस्कर मिळालं, संगणकावर एडिट झालेल्या चित्रपटाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. कुठलाही शॉट कुठेही सरकवा, मागचं-पुढचं आपोआप जुळेल. तो आनंद मी अनुभवला आहे आणि तो खोटा नव्हता. बाविसाव्या मिनिटाला शॉट वाढवून पुढचं सगळं शहाण्यासारखं सरकताना मी पाहिलं, त्या दुपारी मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या.

अंधेरीतल्या फ्लॅटच्या बेडरूमचं एडिट रूम झालं. खिडकीला काळा कागद, भिंतीला फोम, आणि मशीन तापू नये म्हणून एसी इतका वाढवलेला, की मे महिन्यात आम्ही शाल पांघरून बसायचो. गारवा मशीनसाठी असतो, माणसाने त्यात स्वतःची सोय करून घ्यायची. बाहेर दिवस आहे की रात्र, हे जेवणाच्या डब्यावरून कळायचं. पुण्यात काम असेल तर भारनियमनाचं वेळापत्रक फळ्यावर लिहिलेलं असायचं. लाइट गेली, की यूपीएस टीऽ टीऽ करायला लागायचा आणि त्या काही मिनिटांत रेंडर थांबवून, सेव्ह करून, मशीन नीट बंद करायचं. ते टीऽ टीऽ स्वप्नातही ऐकलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत.

आता लाइट जात नाही तेवढी, मशीनं कितीतरी पटींनी वेगवान झाली, तरी ताटकळणं गेलं नाही. त्याचं एक कारण समजून घेण्यासारखं आहे. आजचे बहुतेक छोटे कॅमेरे प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाहीत. एक फ्रेम पूर्ण लिहितात, मग त्या पुढच्या कित्येक फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं लिहितात. फाइल लहान होते, कार्ड जास्त वेळ पुरतं, सरळ बघत जाणाऱ्याला काही जाणवत नाही. पण एडिटर सरळ कधी बघतो? तो मागे जातो, दोन फ्रेम पुढे येतो, पुन्हा मागे जातो. दर वेळी मशीनला जवळची पूर्ण फ्रेम शोधून तिथून सगळे बदल पुन्हा मांडत यावं लागतं. आजींच्या मिटलेल्या ओठांवर मी मागेपुढे करत होते तेव्हा पंखा ओरडत होता तो याचसाठी. उपाय आहे : प्रत्येक फ्रेम पूर्ण असलेली हलकी प्रत आधी करून घ्यायची आणि तिच्यावर काम करायचं, शेवटी मूळ फाइली जोडायच्या. त्या प्रती व्हायला एक रात्र लागते. ती रात्र कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेली नसते. चित्रीकरण संध्याकाळी संपतं आणि ‘‘उद्या सकाळी काहीतरी बघायला मिळेल ना?’’ असा फोन रात्री येतो.

एक गोष्ट मात्र वेगाने किंवा पैशाने सुटणारी नव्हती. ती आपल्या लिपीची. वर्षानुवर्षं एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट उमटत नसे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येऊन बसायची. जोडाक्षरं तुटून पाय मोडलेल्या अक्षरांची रांग लागायची. रफार भलत्याच अक्षरावर जायचा. मग आम्ही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करायचो, किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहून त्याचं चित्र करून टाइमलाइनवर डकवायचो. चित्र झालं, की त्यातलं एक अक्षरही बदलता येत नाही. शेवटच्या रात्री कोणीतरी सांगायचं, आडनावात दीर्घ आहे, ऱ्हस्व नाही. पुन्हा पहिल्यापासून. तबल्यावर कोण, रंगभूषा कोणाची, शिवापूरच्या कुठल्या घराने जेवण दिलं, ही नावं पडद्यावर शुद्ध यावीत यासाठी मी जितकी झटले, तितकी एखाद्या अवघड दृश्यासाठीही झटले नसेन. कारण त्या माणसाला मोबदला म्हणून बऱ्याचदा एवढंच मिळणार असतं. तो आपल्या मुलांना घेऊन बसतो, नाव येईपर्यंत डोळे लावतो, आणि नाव मोडून येतं. आज बरीच सॉफ्टवेअर देवनागरी नीट दाखवतात, काहींत त्यासाठी सेटिंगमध्ये आत शिरून दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागतो. जी लिपी कोट्यवधी माणसं रोज लिहितात तिला आत शिरून शोधावं लागतं, हे मला आजही खुपतं.

आणि मग जुनं काम. २०११ च्या जूनमध्ये फायनल कट प्रोची नवी आवृत्ती आली तेव्हा ती आधीच्या आवृत्तीचे प्रोजेक्ट उघडत नव्हती. जगभरच्या एडिटरांनी आरडाओरडा केला. काही गोष्टी पुढे सुधारल्या, पण मोठ्या संख्येने माणसं दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे गेली आणि आपले जुने प्रोजेक्ट मागे ठेवून गेली. २०१३ मध्ये अ‍ॅडोबीने नव्या आवृत्त्या विकत देणं थांबवून भाड्याने द्यायला सुरुवात केली. आता कित्येकांचं जुनं काम उघडायचं असेल तर आधी या महिन्याचं भाडं भरायचं. माझ्या कपाटातही असे ड्राइव्ह आहेत. फिरतात, फाइली दिसतात, नावं ओळखीची आहेत; त्या उघडणारं सॉफ्टवेअर आता चालू मशीनवर बसत नाही. पूर्ण झालेले माहितीपट आहेत, ते बघता येतात. पण ते कसे झाले, कुठला कट आधी काय होता, आजींच्या मुलाखतीतलं काय वापरलं नाही, हे सगळं त्या बंद वह्यांमध्ये आहे.

गंमत वाटावी अशी गोष्ट ही, की त्याहून जुनं जे आहे ते उघडतं. टेपच्या काळात कटांची यादी साध्या मजकुरात लिहिली जायची. कितवा कट, कुठली टेप, कुठल्या टाइमकोडपासून कुठपर्यंत. सीएमएक्स ३६०० नावाच्या त्या पद्धतीची यादी आज कुठल्याही संगणकावर, अगदी फोनवर उघडते आणि डोळ्यांनी वाचता येते. तिच्यात रंग नाहीत, आवाजाची चढउतार नाही, फक्त आकडे आहेत. पण ती वाचून एखादा नवा एडिटर टेपा शोधून सिनेमा पुन्हा उभा करू शकेल. काकांच्या फिल्मचं तर आणखी सोपं. डबा उघडा, पट्टी उजेडाकडे धरा, चित्र दिसतं. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. जितकं आम्ही हुशार यंत्राच्या हवाली केलं, तितकं ते त्या यंत्राच्या आयुष्याला बांधलं गेलं, आणि यंत्राचं आयुष्य सिनेमाच्या आयुष्याहून फार लहान असतं.

मोठ्या यंत्रणाही यातून सुटत नाहीत. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेमुळे सिनेमाच्या फाइली सर्व्हरवरून पुसल्या गेल्या. बॅकअप काढून पाहिला तर तोही नीट होत नव्हता. गॅलिन ससमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून जपून स्टुडिओत आणला. पुढे कथाच बदलल्यामुळे त्यातलं बरंचसं नव्याने केलं गेलं, ही गोष्ट वेगळी. मला त्यातलं ते घर महत्त्वाचं वाटतं. सर्व्हर, बॅकअप, मोठमोठी यंत्रणा सगळं गेल्यावर काम सापडलं ते एका माणसाच्या घरी, कारण त्या माणसाला ते काम जवळ लागत होतं.

मला आता वाटतं, कट यंत्रात राहत नाही, काही काळ तिथे मुक्कामाला असतो. त्याला टिकवायचं काम माणसांना करावं लागतं, आणि ते काम एडिटिंगचाच भाग धरला पाहिजे. सिनेमा करणाऱ्यांना आणि त्याला पैसे देणाऱ्यांना माझं सांगणं आहे : वेळापत्रकात प्रती करायची ती रात्र लिहा. काम संपलं, की फायनल प्रतीबरोबर नावं नसलेली एक स्वच्छ प्रत काढा, आवाजाचे थर वेगळे काढा, कटांची साध्या मजकुरातली यादी काढा, आणि मुलाखती न कापता जपा. याला एक-दोन दिवस लागतात. त्या दिवसांचे पैसे द्या.

आणि जे सिनेमा करत नाहीत, त्यांनाही. तुमच्या कपाटात लग्नाची, बारशाची, आजोबांच्या एकसष्टीची कॅसेट असेल. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई होती; तिने २०१६ च्या जुलैमध्ये ते बनवणं थांबवलं. छोट्या डीव्ही कॅसेटमधलं चित्र ज्या वायरीतून संगणकात उतरायचं, तिची खाच नव्या लॅपटॉपला नसते. चालू यंत्रं ठेवणारी दुकानं शहरांत अजून आहेत, पण कमी होत चालली आहेत. यंदाचा पावसाळा लागायच्या आत त्या कॅसेटी बाहेर काढा, फाइली करून घ्या, दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि एखाद्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला शेजारी बसवून कोण कोण दिसतं आहे ते कागदावर लिहून काढा. चेहरे ओळखणारी माणसं घरात आहेत, तोवरच हे होऊ शकतं.